मराठीच्या ‘जो’ला धरून फ्रेंचची संबंधी सर्वनामे कशी शिकावीत

फ्रेंच शिकायला लागून वर्ष होत आले होते, तेव्हा पत्रलेखनाच्या सरावात मला ‘ज्या उत्तराची मी वाट पाहत आहे’ असे लिहायचे होते आणि मी लिहिले ‘ला रेपोंस दों झाताँ’. शिक्षिकेने ‘दों’भोवती लाल वर्तुळ काढले, शेजारी नुसता ‘क’ लिहिला आणि वही परत केली. त्याच पानावर खाली ‘मी ओळखते ती बाई’ यासाठी मी ‘ला फाम की झ कोने’ लिहिले होते आणि तिथेही ‘की’ खोडून ‘क’च केलेला होता. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच असले तरी चुकांची कुळे वेगळी होती. पहिली चूक मराठीतून आली होती. ‘उत्तराची’ यातला ‘ची’ दिसला आणि मी ‘दों’ लावून मोकळी झाले. दुसरी इंग्रजीतून आली होती. माणसाला एक शब्द आणि वस्तूला दुसरा, ही इंग्रजी वाटणी मी फ्रेंचवर लादली होती.

ज्यांना वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ येतो, पण ‘की’ लावावा की ‘क’ या प्रश्नावर ज्यांचे पेन थांबते, अशा नवख्यांसाठी हा लेख आहे. माझे मत असे की या प्रकरणात इंग्रजी बाजूला ठेवावी आणि मराठीचा हात धरावा, कारण मराठीतला ‘जो’ हा माणूस की वस्तू हे न पाहता वाक्यातल्या कामाप्रमाणे ‘जो, ज्याला, ज्याचा, ज्यात, जिथे’ अशी रूपे घेतो आणि फ्रेंच सर्वनामेही नेमके हेच करतात. मराठी काही ठिकाणी फसवतेही, परंतु ती ठिकाणे मोजकी आहेत आणि ती पुढे एकेक करून दाखवली आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय हवे

पुढील गोष्टी आधीच जमवून ठेवल्यास मध्येच उठावे लागणार नाही.

• दोन रकाने आखलेली वही. डाव्या रकान्यात फ्रेंच क्रियापद आणि उजव्या रकान्यात त्याच्यामागून येणारे शब्दयोगी अव्यय लिहायचे. ही वही पुढे चौथ्या पायरीला लागेल आणि खरे काम तीच करील.
• क्रियापदाची रचना देणारा शब्दकोश. चांगल्या शब्दकोशात क्रियापदापुढे ‘केल्कँ’ म्हणजे कोणीतरी आणि ‘केल्क शोज’ म्हणजे काहीतरी यांची संक्षिप्त रूपे छापलेली असतात, त्यांच्या आधी ‘आ’ किंवा ‘द’ आहे की काहीच नाही हे पाहायचे असते. केवळ अर्थ देणारा खिशातला कोश येथे उपयोगाचा नाही.
• नामांची लिंगासह यादी. ‘ल’ किंवा ‘ला’ लावल्याशिवाय एकही नाम वहीत उतरवू नये, कारण सातव्या आणि नवव्या पायरीवर लिंग माहीत नसेल तर पुढे सरकताच येत नाही.

एक खुलासाही येथेच करते. या लेखात फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. त्यातील ‘झ’ हा ‘बोंझूर’मधला, ‘ज’ हा ‘जग’मधला आणि सुटे ‘क, ल, द, स’ हे ओठ किंचित गोल करून उच्चारायचे आहेत. फ्रेंचमध्ये एकाच उच्चाराची अनेक स्पेलिंगे असतात, त्यामुळे लिहिताना स्पेलिंग पाठ्यपुस्तकातूनच उतरवून घ्यावे.

१. आधी मराठी वाक्य उलगडून घ्या

आपण बोलताना ‘जो’ फारसा वापरतच नाही. ‘जे पुस्तक मी वाचले ते’ असे न म्हणता ‘मी वाचलेले पुस्तक’ म्हणतो, ‘जो मुलगा बोलत आहे तो’ असे न म्हणता ‘बोलणारा मुलगा’ म्हणतो. या ‘-लेला’ आणि ‘-णारा’ रूपांतून थेट फ्रेंचमध्ये उडी मारता येत नाही, म्हणून पहिले काम म्हणजे ती रूपे सोडवून पूर्ण गौणवाक्य तयार करणे.

‘-णारा’ सोडवल्यावर बहुतेक वेळा ‘जो’ कर्ता निघतो: बोलणारा मुलगा, म्हणजे जो बोलतो, म्हणजे ‘ल गार्सों की पार्ल’. ‘-लेला’ मात्र दोन्हीकडे जाऊ शकतो. ‘काल आलेले पत्र’ यात पत्र स्वतः आले, म्हणून ‘ला लेत्र की एतारीवे इएर’. ‘तिने पाठवलेले पत्र’ यात पाठवणारी ती आणि पत्र हे कर्म, म्हणून ‘ला लेत्र केल आ आँवोये’. वरून दोन्ही रूपे सारखीच दिसतात, म्हणून ती न सोडवता लिहायला बसू नये.

२. नाम पुढे आणा आणि ‘तो’ सोडून द्या

मराठीत ‘जो’ आला की मागून ‘तो’ येतो आणि गौणवाक्य बहुधा आधी येते. फ्रेंचमध्ये क्रम असा: आधी नाम, त्याला चिकटून संबंधी सर्वनाम, मग गौणवाक्य, आणि त्यानंतर मुख्य वाक्याचे क्रियापद. ‘जो मुलगा बोलत आहे तो माझा भाऊ आहे’ याचे ‘ल गार्सों की पार्ल ए मों फ्रेर’ होते. यात ‘तो’ला जागाच नाही. ‘ल गार्सों की पार्ल, ईल ए मों फ्रेर’ असे लिहिले तर तो ‘ईल’ म्हणजे आपला जुना ‘तो’ मागच्या दाराने आत शिरला असे समजावे.

याचीच दुसरी तऱ्हा गौणवाक्याच्या आत घडते. ‘ल लीव्र क झ ली’ म्हणजे मी वाचतो ते पुस्तक. यात ‘क’ हेच कर्म आहे, म्हणून ‘ल लीव्र क झ ल ली’ असा आणखी एक ‘ल’ घालून पुस्तक दोनदा सांगायचे नसते.

३. ‘की’ आणि ‘क’ : रिकामी जागा कोणाची आहे ते पाहा

गौणवाक्यातून नाम काढून घेतल्यावर तिथे एक जागा रिकामी राहते. ती कर्त्याची असेल तर ‘की’ आणि थेट कर्माची असेल तर ‘क’. माणूस आणि वस्तू यांचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही, हे स्वतःला वारंवार बजावावे लागते. ‘ल त्रँ की आरीव’ म्हणजे येत असलेली गाडी. गाडी निर्जीव आहे, तरी ‘की’, कारण येण्याची क्रिया तीच करते. ‘ला फाम क झ कोने’ म्हणजे मी ओळखते ती बाई. बाई माणूस आहे, तरी ‘क’, कारण ओळखणारी मी आहे.

झटपट ओळखण्याची खूण अशी की ‘की’नंतर सहसा लगेच क्रियापद येते, फार तर मध्ये ‘न’, ‘म’, ‘ल’ यांसारखा छोटा शब्द असतो, आणि ‘क’नंतर कर्ता येतो. ही खूण लिहिताना विश्वासाची आहे. वाचताना ती एका ठिकाणी दगा देते, त्याबद्दल दहाव्या पायरीत लिहिले आहे.

‘क’पुढे स्वर आला की ‘क’ स्वतःचा स्वर टाकून त्याला चिकटतो: क अधिक ईल म्हणजे ‘कील’, क अधिक एल म्हणजे ‘केल’. ‘की’ मात्र कधीच मोडत नाही. ‘ल त्रँ की आरीव’ यात ‘की’ आणि ‘आरीव’ दोन्ही पूर्ण लिहायचे. श्रुतलेखनात ‘कील’ आणि ‘की’ कानाला जवळजवळ सारखे लागतात, तेव्हा पुढच्या क्रियापदाला दुसरा कर्ता आहे का ते शोधावे.

येथे मराठी माणसाच्या जिभेचा एक खास घोटाळा सांगितला पाहिजे. आपण ‘तो म्हणतो की...’ असे म्हणतो, आणि फ्रेंचमध्येही ‘की’ नावाचा शब्द आहे, त्यामुळे घाईत ‘ईल दी की...’ असे तोंडातून निघते. तिथे हवा असतो ‘क’: ‘ईल दी क...’. मराठीचा ‘की’ म्हणजे फ्रेंचचा ‘क’, आणि फ्रेंचचा ‘की’ म्हणजे मराठीचा ‘जो’ किंवा ‘कोण’, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. मी ठेवले होते, तरी कित्येक महिने चुकत होते.

माणूस आणि वस्तू ही वाटणी इतकी घट्ट का बसते, याचे एक कारण प्रश्नार्थक रूपांत आहे. ‘कीएस की’, ‘कीएस क’, ‘केस की’ आणि ‘केस क’ ही चार रूपे एकत्र ठेवून पाहावीत. पहिला तुकडा माणूस की वस्तू हे सांगतो: ‘की’ म्हणजे कोण, ‘क’ म्हणजे काय. शेवटचा तुकडा कर्ता की कर्म हे सांगतो आणि तो आपला संबंधी ‘की’ किंवा ‘क’ असतो. ‘केस की’ म्हणजे वस्तू, पण कर्ता. ‘कीएस क’ म्हणजे माणूस, पण कर्म. प्रश्नाच्या तोंडाशी असलेला नियम आपण शेपटाला लावतो आणि फसतो.

४. क्रियापदाची वही भरा : ‘ज्याला’ आणि ‘ज्याची’ यांचे सापळे

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर घालवावा, कारण मराठीचा हात येथेच निसटतो. मराठीची विभक्ती मराठी क्रियापदाने ठरवलेली असते आणि फ्रेंच सर्वनाम फ्रेंच क्रियापदाने ठरते. ही दोन्ही बहुधा जुळतात, पण प्रत्येक वेळी जुळत नाहीत.

‘ज्याला’ या एका रूपाकडे पाहा. ‘ज्याला मी ओळखतो तो मुलगा’ याचे ‘ल गार्सों क झ कोने’ होते, कारण ‘कोनेत्र’ थेट कर्म घेते. ‘ज्याला मी उत्तर देतो तो मुलगा’ याचे ‘ल गार्सों आ की झ रेपों’ होते, कारण ‘रेपोंद्र’ला ‘आ’ लागतो. ‘ज्याला भूक लागली आहे तो मुलगा’ याचे मात्र ‘ल गार्सों की आ फँ’ होते, कारण फ्रेंचमध्ये मुलाला भूक लागत नाही, मुलगा भूक ‘बाळगतो’ आणि तोच कर्ता असतो. तिन्ही वेळा मराठीत ‘ज्याला’च आहे, फ्रेंचमध्ये मात्र तीन वेगळी उत्तरे आली. ‘ज्याला ताप आहे’, ‘ज्याला फ्रेंच येते’, ‘ज्याच्याकडे गाडी आहे’ ही सगळी तिसऱ्या गटातली वाक्ये असून त्यांना ‘की’ लागतो. ‘ज्याने’ असेल तर प्रश्नच नाही. ‘ज्याने पुस्तक लिहिले’ यातला ‘ने’ हा आपल्या भूतकाळाचा ‘ने’ आहे, फ्रेंचच्या दृष्टीने तो सरळ कर्ता असल्यामुळे तिथेही ‘की’च.

‘आवडणे’ हा विषय मजेशीर आहे. ‘प्लेर’ हे फ्रेंच क्रियापद हुबेहूब आपल्या ‘आवडणे’सारखे चालते, चित्रपट मला आवडतो, म्हणून ‘ल फिल्म की म प्ले’. ‘एमे’ मात्र उलट चालते, मी चित्रपटावर प्रेम करतो, म्हणून ‘ल फिल्म क झेम’. मराठीत दोन्ही ‘मला आवडणारा चित्रपट’ असेच होते.

आता ‘ज्याची’, ‘ज्याचा’ आणि ‘ज्याच्याकडे’. येथे माझे लाल वर्तुळ पडले होते. ‘आताँद्र’ म्हणजे वाट पाहणे, ‘शेर्शे’ म्हणजे शोध घेणे, ‘रगार्दे’ म्हणजे एखाद्याकडे पाहणे, ‘एकूते’ म्हणजे एखाद्याचे ऐकणे. मराठीत यांना ‘ची, चा, कडे, चे’ लागतात, पण फ्रेंचमध्ये ही चारही क्रियापदे थेट कर्म घेतात आणि म्हणून त्यांना ‘क’ लागतो. ‘पाँसे’ म्हणजे विचार करणे. आपण ‘ज्याचा मी विचार करतो’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘आ’ लावतो: ‘ला पेर्सोन आ की झ पाँस’.

वहीत कमीत कमी पुढील नोंदी पहिल्याच आठवड्यात असाव्यात. काहीच न लावणारी: आताँद्र, शेर्शे, रगार्दे, एकूते, एदे म्हणजे मदत करणे, रमेर्सिए म्हणजे आभार मानणे. ‘आ’ लावणारी: तेलेफोने, रेपोंद्र, ओबेईर म्हणजे आज्ञा पाळणे, पाँसे, आणि माणसाला विचारायचे असेल तेव्हा दमाँदे. ‘द’ लावणारी पुढच्या पायरीत येतात. नवीन क्रियापद शिकले की त्याच क्षणी ते योग्य गटात टाकावे, नंतर एकदम भरू असे म्हटले तर वही रिकामीच राहते.

५. ‘दों’ : जिथे ‘द’ आहे तिथेच

‘दों’ म्हणजे ‘द’ अधिक संबंधी सर्वनाम. वाक्य सोडवल्यावर त्यात ‘द’ निघाला तर ‘दों’, नाहीतर नाही. क्रियापदांच्या बाबतीत मराठी येथे पुष्कळ मदत करते, कारण ‘द’ लावणाऱ्या अनेक रचना मराठीत ‘ची’नेच होतात: ‘आव्वार बज्वँ द’ म्हणजे गरज असणे, ‘आव्वार पर द’ म्हणजे भीती वाटणे, ‘आव्वार आँवी द’ म्हणजे इच्छा होणे, ‘स सूवनीर द’ म्हणजे आठवण असणे. ‘ज्याची मला गरज आहे ते पुस्तक’ याचे ‘ल लीव्र दों झे बज्वँ’ होते. याशिवाय ‘पार्ले द’ म्हणजे एखाद्याविषयी बोलणे, ‘स सेर्वीर द’ म्हणजे वापरणे आणि ‘एत्र फिएर द’ म्हणजे अभिमान असणे हेही याच घरातले. ‘स सेर्वीर द’कडे विशेष लक्ष द्यावे, कारण ‘मी वापरतो ते’ असा अर्थ पाहून हात आपोआप ‘क’कडे जातो.

दुसरा उपयोग मालकीचा किंवा नात्याचा. ‘ज्याचे वडील डॉक्टर आहेत तो मुलगा’ याचे ‘ल गार्सों दों ल पेर ए मेदसँ’ होते. ‘दों’मध्ये ‘ज्याचे’ येऊन गेलेले असते, म्हणून पुढे ‘ल पेर’ असेच म्हणायचे, ‘सों पेर’ म्हणजे ‘त्याचे वडील’ असे म्हणायचे नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

याहून अवघड जागा पुढे आहे. ‘ज्याच्या वडिलांना मी ओळखते तो मुलगा’ यात मराठी ‘ज्याच्या’ आणि ‘वडिलांना’ यांची जोडी फोडत नाही. फ्रेंच ती फोडते: ‘ल गार्सों दों झ कोने ल पेर’. ‘दों’ नामाला चिकटून पुढे बसतो, वडील मात्र कर्म असल्यामुळे क्रियापदानंतर आपल्या नेहमीच्या जागीच राहतात. ‘दों ल पेर झ कोने’ असे कानाला कितीही बरे वाटले तरी ते मराठी वाक्य आहे.

‘ज्यांपैकी’ या अर्थीही ‘दों’ येतो आणि तेव्हा त्याच्यामागे क्रियापद असलेच पाहिजे असे नाही. तीन पुस्तके, त्यांतले एक फाटलेले, अशा वेळी ‘त्र्वा लीव्र, दों अँ देशिरे’ एवढे पुरते.

‘दों’ला एक मर्यादा आहे. ‘द’ हा ‘ओ बॉर द’ म्हणजे काठावर किंवा ‘आ कोते द’ म्हणजे शेजारी अशा लांब शब्दसमूहाचे शेपूट असेल तर ‘दों’ चालत नाही, तिथे सातव्या पायरीतले ‘द्यूकेल’ लागते.

६. ‘ऊ’ : जिथे आणि ज्या दिवशी

‘ला वील ऊ झाबीत’ म्हणजे मी राहते ते शहर. यात अडचण नाही. अडचण काळाची आहे. ‘ज्या दिवशी’, ‘ज्या वर्षी’, ‘ज्या क्षणी’ यांनाही ‘ऊ’च लागतो: ‘ल झूर ऊ’, ‘लाने ऊ’, ‘ओ मोमाँ ऊ’. ‘केव्हा’ या अर्थाचा ‘काँ’ येथे घालू नये. अपवाद ‘फ्वा’ म्हणजे ‘वेळा’ या शब्दाचा, त्याला ‘क’ लागतो: ‘ला प्रमिएर फ्वा क’, म्हणजे पहिल्यांदा जेव्हा. जिथून या अर्थी ‘दू’ आणि ज्या वाटेने या अर्थी ‘पार ऊ’ होते. लिहिताना या ‘ऊ’वर तिरकी मात्रा द्यायची असते, ती विसरल्यास त्याचा अर्थ ‘किंवा’ होतो.

७. ‘लकेल’ : शब्दयोगी अव्यय आधी, सर्वनाम मागून

मराठीत ‘ज्याच्यावर’, ‘ज्याच्यात’, ‘ज्याच्यासाठी’ असे शब्दयोगी अव्यय सर्वनामाला मागून चिकटते. फ्रेंचमध्ये तेच आरशात पाहिल्यासारखे उलटे होते: ‘स्यूर लकेल’, ‘दाँ लकेल’, ‘पूर लकेल’. दोन्ही भाषांत अव्यय आणि सर्वनाम एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून येथे मराठीवर निर्धास्त विसंबावे. इंग्रजीच्या सवयीने अव्यय वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवण्याचा प्रकार तेवढा टाळावा.

रूपे चार आहेत: पुल्लिंगी एकवचनी ‘लकेल’, स्त्रीलिंगी एकवचनी ‘लाकेल’ आणि दोन्ही लिंगांचे अनेकवचन ‘लेकेल’, ज्याचा उच्चार एक असला तरी स्पेलिंग दोन आहेत. खुर्चीसाठी ‘ला शेज स्यूर लाकेल’, पेनासाठी ‘ल स्तिलो आवेक लकेल झेक्री’. ‘आ’ आणि ‘द’ आधी आले की जोडाक्षर व्हावे तसे ते सर्वनामात मिसळतात: ‘ओकेल’, ‘द्यूकेल’ आणि अनेकवचनात ‘ओकेल’, ‘देकेल’. स्त्रीलिंगी एकवचन मात्र मिसळत नाही, ‘आ लाकेल’ आणि ‘द लाकेल’ असे सुटेच राहते. ज्या तळ्याच्या काठी, ते तळे म्हणजे ‘ल लाक ओ बॉर द्यूकेल’.

माणसांसाठी अव्ययानंतर ‘की’ वापरणे अधिक रूढ आहे: ‘लामी आवेक की’. म्हणजे माणूस आणि वस्तू हा भेद फ्रेंचमध्ये मुळीच नाही असे नव्हे. तो आहे, पण येथे, अव्ययानंतर आहे, आणि आपण तो नेमका नको तिथे लावत असतो. ‘पार्मी’ म्हणजे ‘मध्ये, पैकी’ आणि ‘आँत्र’ म्हणजे ‘दोहोंमध्ये’ यांच्यानंतर माणसे असली तरी ‘लेकेल’च हवे.

‘ज्या कारणासाठी’ या अर्थाचे ‘ला रेजों पूर लाकेल’ हे एक ठाशीव वाक्यखंड म्हणून पाठ करून टाकावे, निबंधात ते पदोपदी लागते.

८. नाम नसेल तर ‘स’ जोडा

‘जे झाले ते’, ‘मला हवे ते’ यांत ‘जे’च्या आधी नामच नाही. फ्रेंचमध्ये सर्वनामाला टेकायला काहीतरी लागते, म्हणून ‘स’ आणून बसवतात: कर्ता असेल तर ‘स की’, कर्म असेल तर ‘स क’, ‘द’ असेल तर ‘स दों’ आणि ‘आ’ असेल तर ‘स आ क्वा’. ‘सगळे जे’ यासाठी ‘तू स क’ म्हणावे, ‘तू क’ नव्हे. संपूर्ण वाक्याकडे बोट दाखवायलाही हेच उपयोगी पडते: ‘ईल एतारीवे आँ रतार, स की मा एतोने’, म्हणजे तो उशिरा आला, याचे मला आश्चर्य वाटले. येथे ‘स’ गाळून नुसता ‘की’ लिहिल्यास ‘की’ला टेकायला काहीच उरत नाही.

९. क्रियापदाची जुळवणी तपासा

‘की’ स्वतः कोणत्याही पुरुषाचा नसतो, तो आपल्या आधीच्या शब्दाचा पुरुष घेतो. ‘दार मी लावले’ यावर जोर द्यायचा असेल तर ‘से म्वा की ए फेर्मे ला पोर्त’, कारण ‘म्वा’ म्हणजे मी. ‘से म्वा की आ’ असे बोलताना ऐकू येते, लिहिताना ती चूकच धरली जाते. मराठीत आपण ‘मी, जो कालपर्यंत गप्प होतो’ असे म्हणतो, ‘होता’ म्हणत नाही. तोच कान येथे वापरावा.

दुसरी जुळवणी ‘क’ची आणि ती मराठी माणसाने घाबरू नये अशी आहे. आपण ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली’ म्हणतो, म्हणजे भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ने होणाऱ्या भूतकाळात हेच होते, परंतु कर्म क्रियापदाच्या आधी येऊन गेले असेल तरच. ‘झे एक्री ला लेत्र’ यात पत्र मागून येते, म्हणून ‘एक्री’. ‘ला लेत्र क झे एक्रीत’ यात पत्र आधी आले, म्हणून ‘एक्रीत’. कर्म ‘क’ने पुढे खेचले गेले की ते नेहमीच क्रियापदाच्या आधी असते, म्हणून ‘क’ दिसला की लिंग आणि वचन तपासावे. बहुतेक क्रियापदांत हा बदल फक्त कागदावर दिसतो, ‘एक्रीत’ किंवा ‘ला फोतो क झे प्रीज’ अशा थोड्या ठिकाणी तो कानालाही कळतो. सोळाव्या शतकातील कवी क्लेमाँ मारो याने इटालियन भाषेचे उदाहरण देत हा नियम चक्क पद्यात मांडला होता, आणि फ्रेंच मुलांची डोकेदुखी आजही त्याच्या नावावर जमा केली जाते.

‘दों’मुळे मात्र अशी जुळवणी होत नाही: ‘ला लेत्र दों झे पार्ले’ यात कृदन्त जसेच्या तसे राहते, कारण ‘दों’ हे थेट कर्म नव्हे. तसेच ‘फेर’ म्हणजे करणे, त्याच्या ‘फे’ या भूतकाळी रूपापुढे दुसरे क्रियापद मूळ रूपात आले तर ‘फे’ बदलत नाही.

१०. वाचताना उलटा क्रम ओळखा

तिसऱ्या पायरीत म्हटले होते की ‘क’नंतर कर्ता येतो. लेखी फ्रेंचमध्ये ‘क’नंतरचा कर्ता नाम असेल तर तो क्रियापदाच्या मागे सरकू शकतो. ‘लाँफाँ की रगार्द ला मेर’ म्हणजे आईकडे पाहणारे मूल. ‘लाँफाँ क रगार्द ला मेर’ म्हणजे आई ज्याच्याकडे पाहते ते मूल. एका स्वराने कोण कोणाकडे पाहते हे उलटले. उतारा वाचताना ‘की’ला एका रंगाने आणि ‘क’ला दुसऱ्या रंगाने खूण करावी, म्हणजे घाईत ‘क’ला ‘की’ समजून वाचण्याची सवय मोडते.

स्वल्पविरामाकडेही पाहावे. ‘उशिरा आलेले विद्यार्थी बाहेर थांबले’ यात फक्त उशिरा आलेले बाहेर आहेत. ‘की’च्या आधी आणि गौणवाक्याच्या शेवटी स्वल्पविराम दिला तर सगळेच उशिरा आले आणि सगळेच बाहेर थांबले, असा अर्थ होतो.

११. शोधत असाल तर क्रियापदाचे रूप बदला

ही पायरी पहिल्या वाचनात सोडली तरी चालेल. ‘ज्याला फ्रेंच येते असा माणूस मला सापडला’ आणि ‘ज्याला फ्रेंच येत असेल असा माणूस मी शोधते आहे’ यांतला फरक मराठी ‘असेल’ने दाखवते, कारण दुसरा माणूस अजून भेटलेला नाही. फ्रेंच तोच फरक क्रियापदाच्या स्यूब्झोंक्तीफ या रूपाने दाखवते: ‘झे त्रूवे केल्कँ की से ल फ्राँसे’, पण ‘झ शेर्श केल्कँ की साश ल फ्राँसे’. सर्वनाम दोन्हीकडे ‘की’च आहे, बदलले ते फक्त क्रियापद.

१२. लिहून झाल्यावर दोन फेऱ्या मारा

पहिल्या फेरीत फक्त ‘दों’ शोधावेत आणि प्रत्येकाचा ‘द’ कोणत्या शब्दातून आला ते पेन्सिलीने खाली लिहावे. ज्याखाली काही लिहिता येणार नाही तो ‘दों’ खोडावा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ‘की’नंतरच्या क्रियापदाला दुसरा कर्ता नाही ना, आणि प्रत्येक ‘क’नंतर भूतकाळ आहे का, हे पाहावे. माझ्या त्या पहिल्या वाक्यात ‘दों’खाली लिहायला मला काहीच सापडले नसते, कारण ‘आताँद्र’च्या मागे ‘द’ नाही. आता ते वाक्य वहीत ‘ला रेपोंस क झाताँ’ असे आहे आणि त्याच्या शेजारी, काही न लावणाऱ्या गटात, ‘आताँद्र’ पहिल्या क्रमांकावर आहे.